कोमल रे वर थांबलेला बँड

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी मला लिंबू-मिरची सुचवणार नाही... माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देव्हाऱ्याबरोबर भुतांनाही निरोप दिला. लहानपणी आम्ही भावंडं अंधाराला घाबरलो की बाबा हातात बॅटरी देऊन परसात पाठवायचे, "जा, बगून ये आन् मला सांग काय हाय ते." दर वेळी तिथे शेळी असायची. अशा घरात वाढलेली बाई आज या गूढ अनुभवांच्या सदरात लिहायला बसली आहे, हे माझं मलाच हसू येतंय. पण लिहिते. भर दुपारी, अकरा माणसांच्या देखत घडलेली गोष्ट आहे, आणि तिचं रेकॉर्डिंगही माझ्याकडे आहे.

मी परभणीतल्या एका शाळेत संगीत शिकवते. माहेर मानवतचं. माझे बाबा, शेषराव मास्तर, यांचा लग्नाचा बँड होता. बाबा स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे आणि त्यांच्या डाव्या हाताला कायम काशिनाथकाका असायचे, झरी गावचे. काका युफोनियम वाजवायचे, म्हणजे मांडीवर लेकरू घेतल्यासारखं धरायचं ते भलंमोठं पितळी वाद्य. बँडात त्याला सगळे नुसतं 'मोठा बाजा' म्हणत. तीस वर्षं दोघांनी अख्ख्या जिल्ह्याची लग्नं लावली. मी त्या दोघांच्या पायात खेळत सूर शिकले.

बाबांच्या बँडाची एक शिस्त होती. एकदा धून धरली की ती सा वर टेकवूनच वाद्य खाली घ्यायचं. पाऊस येवो, नवरदेवाचे मामा भांडोत, लाईट जावो... कुणाच्याही दारात धून अर्धवट सोडायची नाही. कोणी याला अंधश्रद्धा म्हटलं की बाबा चिडायचे. "ह्यात काय अंधश्रद्धा? ताटावरून अर्ध्यात उठवत नसतेत कुनाला, तसं हाय." शेवट जवळ आला की काकांची एक लकब असायची. मोठ्या बाज्यावर ते दोन छोटे सूर द्यायचे, पों-पों, आणि मग लांबलचक सा. ते ऐकलं की आजूबाजूच्या बायका आपोआप अक्षदा चाचपायच्या.

चार वर्षांपूर्वी एका वरातीत, मांडवाच्या तोंडाशी, काका वाजवता वाजवता खाली बसले. कोणीतरी ओरडलं. बाबांनी मागे न बघता हात वर केला, पंजा उघडा, आणि बँड जिथल्या तिथे बंद पडला. ओळीच्या मध्यात. दवाखान्यात नेताना काका जीपमध्येच गेले.

त्या दिवसापासून बाबांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. बँड विस्कटला. बँडातला बबन ट्रॅक्टर चालवायला गेला, दुसऱ्याने चहाचं दुकान टाकलं. बाबा खात होते, पेपर वाचत होते, नातवाला शाळेत सोडत होते. फक्त एकदा, जेवताना, मला म्हणाले, "काशिनाथच्या कानावर शेवटचं जे पडलं ते अर्धवट पडलं बग. मी थांबवलं."  हे काही बॅटरी घेऊन बघून येण्यासारखं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात इरफान आला. परभणीचाच पोरगा, पुण्याला जाऊन सिनेमा शिकून आलेला, आणि आता चारठाण्याच्या बाजूला एक हॉरर सिनेमा काढत होता. पार्श्वसंगीत मी करावं म्हणून त्याने मला सिनेमातला मुख्य प्रसंग दाखवला. एक बाई भर उन्हात बारवेच्या पायऱ्या उतरते, घागर भरते, वर येते. बस्स. ना सावली, ना पांढरी साडी. मी म्हटलं, "इरफान, ही तर 'पाणी वाचवा'ची जाहिरात वाटतेय."

"वही तो!" तो खूश होऊन म्हणाला. "भीती सगळी तुम्ही घालायची, ताई. पन कॉम्प्युटरवाली नक्को. ती पब्लिकला पाठ झालीय."

त्याचं खरं होतं. मी कॉम्प्युटरमधली चाळीस व्हायोलिनं त्या प्रसंगाखाली लावून बघितली तर पुढचं सगळं आधीच कळत होतं. भीतीचं संगीत म्हणजे मोठा आवाज, असं बहुतेकांना वाटतं. तो आवाज दचकवतो. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. भीती घालायची तर अगदी खालचा एक सूर धरून ठेवायचा... घराबाहेर जीप येऊन उभी राहावी, इंजिन चालू, आणि बराच वेळ कोणी उतरूच नये, तसा. मग दोन क्लॅरिनेट जवळजवळ एकाच सुरावर ठेवायच्या, पण एक किंचित चढी. दोघी एकमेकींना घासत राहतात आणि ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. झांजेच्या कडेवरून सावकाश नाणं ओढायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, कानाला घरी जाऊ द्यायचं नाही. सा म्हणजे धुनेचं घर. कोमल रे त्याला अगदी खेटून, उंबऱ्यावरच म्हणा ना. तिथपर्यंत आणायचं आणि थांबायचं. ऐकणारा मनातल्या मनात पुढचा सूर गातो, तो येत नाही, आणि मग त्याला त्या रिकाम्या पायऱ्यांवर कोणीतरी दिसायला लागतं.

तर हे सगळं मला खऱ्या फुंकेवर हवं होतं. आणि खरं सांगते, माझा त्यात एक स्वार्थ होता. बाबांचा जुना बँड जमवायचा आणि त्या निमित्ताने बाबांच्या हातात क्लॅरिनेट द्यायची. सिनेमा चालो न चालो, हे मला साधायचं होतं.

मोठा बाजा आणायला मी झरीला गेले, काशिनाथकाकांच्या बायकोकडे, गयाकाकूंकडे. काकूंनी तो चिंचेने घासून लख्ख ठेवला होता. "पिच्चरमदी वाजनार? वाजू दे की. निस्ता टांगून टांगून तरी काय करायचं?" एवढंच म्हणाल्या. कधी, कुठे, काय वाजवणार ते त्यांनी विचारलं नाही, आणि मलाच तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

रेकॉर्डिंगसाठी मानवतमधल्या एका जिनिंगची शेड मिळाली. कापसाचा हंगाम संपलेला, मालक बाबांच्या ओळखीचे. पत्र्याची उंच शेड, एका बाजूला राहिलेल्या थोड्या गाठी, आणि आवाज असा घुमायचा की शिंकलं तरी दुसऱ्या टोकावरून उत्तर यायचं. आम्ही लाईट जायची वाट बघून रेकॉर्डिंग करायचो, कारण लाईट असली की आजूबाजूच्या मोटारी आणि पंखे घरघरतात. लाईट कधी जाणार ते त्या दिवशी सकाळी कळायचं, तेव्हा फोनाफोनी करून सगळ्यांना बोलवायचं.

बाबा आले. "तुम्ही नसलात तर बबन बाजा उलटा धरेल," असं सांगून मी त्यांना आणलं. त्यांची क्लॅरिनेट मी माझ्या पिशवीत, ओढणीखाली लपवून आणली होती. बाबा येऊन गाठीवर बसले, छत्री दोन्ही गुडघ्यांत धरून, पाहुण्यासारखे.

साडेबाराला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, माईक लावले, मोबाईल सगळ्यांचे काढून घेतले. सुरू केलं. मोठ्या बाज्यावर बबनने खालचा सूर धरला आणि माझ्याच पाठीवरून काहीतरी सरकलं, इतका तो छान लागला. क्लॅरिनेट घासू लागल्या, झांज कण्हली, धून हळूहळू उतरत कोमल रे वर आली... आणि बबनने सुखाने सा वाजवून टाकला. वर मान डोलावली.

इरफानने कपाळाला हात लावला.

दुसऱ्यांदा ट्रम्पेटवाल्याने तेच केलं. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून. मी समजावलं, ओरडले, कागदावर लाल पेनाने फुली मारून दाखवली. मंडळी मनापासून "हो हो ताई" म्हणायची आणि शेवटी कोणीतरी हटकून सा वर जाऊन टेकायचं. तीस वर्षांची सवय होती ती, ओठांतच मुरलेली. इरफान रडकुंडीला आला. "बबनभाई, पब्लिक को डराना है, घर तक नक्को छोडो उनको!"

"न्हाई थांबत ओ ताई," बबन घाम पुसत म्हणाला. "त्वांड आपोआप जायलंय. आमाला थांबायची सवय कुठंय?"

आणि इथे मी ती चूक केली. तासभर गेला होता, लाईट येईल ही धास्ती होती, डोक्यात फक्त तो प्रसंग होता. मी बाबांकडे वळून म्हटलं, "बाबा, तुम्ही समोर उभे राहा. मी खूण केली की हात वर करा. तुमचा हात बघून थांबतील."

बोलून गेले आणि मग कळलं मी काय मागितलं ते.  बबनने खाली बघितलं. मी "राहू द्या, बाबा" म्हणणार होते, पण बाबा उठलेच होते. छत्री गाठीला टेकवली, टोपी सारखी केली आणि बँडासमोर जाऊन उभे राहिले.

तो टेक मी विसरणार नाही. सगळे बाबांकडे बघून वाजवत होते, आणि माणसं चार वर्षांपूर्वीच्या त्या मांडवासमोर उभी असल्यासारखी वाजवत होती. धून उतरली. कोमल रे आला. मी खूण केली. बाबांनी हात वर केला, पंजा उघडा. बँड जिथल्या तिथे थांबला.

शांतता. पत्र्यावर उन्हाची एक टकटक, लांब कुठेतरी होला पक्षी घुमतोय, बस्स. इरफानचे डोळे मोठे झाले होते, त्याला हवं ते मिळालं होतं. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. हात अजून वरच होता. मला माझी इतकी लाज वाटली की रेकॉर्डिंगचं मशीन बंद करायचंही सुचलं नाही.

आणि फोन वाजला. बाबांचा बटणांचा फोन, सदऱ्याच्या आतल्या खिशात राहिलेला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवरच घेतात. काकूंचा खणखणीत आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला.

"भावजी! झरीत आलात आन् घरी यायच्या आदी वाजवायलात व्हय?"

बाबांना कळेना. "न्हाई वहिनी. आमी मानवतात हाव."

"काय थट्टा करता? आत्ता तर बंद झाला बाजा. मी गहू निवडायले वसरीत, लांबून आवाज आला वेशीकडून. मनलं बँड आला, च्या टाकावा."

"कोन्ता बाजा, वहिनी?"

"ह्येंचा की वो! मला कळत न्हाई व्हय? निस्ता शेवट शेवट ऐकू आला बगा." आणि काकू गुणगुणल्या. आधी एक सूर लांबवून धरला. तो आमचाच सूर होता, जिथे आम्ही नुकतेच थांबलो होतो तोच. तिथून त्यांनी दोन छोटे सूर दिले, पों-पों, आणि सावकाश सा वर येऊन थांबल्या.

बबनने मोठा बाजा अलगद गाठीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

बाबांनी फोन तोंडाजवळ घेतला. आवाज बारीक झाला होता. "वहिनी... पुरं झालं का?"

"झालं की, भावजी," काकू म्हणाल्या, दूधवाल्याला हिशोब मिटला सांगावं इतक्या सहज. "नीट टेकलं. पर तुमी मानवतात, तर मंग वाजवायलंय कोन?"

बाबा गाठीवर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, पोटातून, चार वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माय, क्लॅरिनेट आनली असशीलच तू. काढ."

ओढणीखालून काढून दिली. तिच्या तोंडावरची फुंकायची पत्ती वाळून कोरडीठाक झाली होती. तोंडात धरून त्यांनी ती भिजवली, पहिला सूर चिरकला, बबन खुदकन हसला. मग बाबांनी तीच धून पहिल्यापासून वाजवली, सगळ्यांना बरोबर घेऊन, आणि अर्थातच सा वर नेऊन टेकवली. मी इतकी आनंदात होते की तेव्हा मला कसला प्रश्नही पडला नाही. प्रश्न घरी आल्यावर पडले.

आता तुम्ही जे विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालं आहे. झरीत त्या दिवशी लग्न नव्हतं, वरात नव्हती. दोन-तीन घरी जाऊन विचारलं. काकूंच्या शेजारणीला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाजा सिनेमासाठी नेलाय हे काकूंना माहीत होतं, तेव्हा मनाचा खेळ म्हणता येईल... पण ही धून मी चार दिवसांपूर्वी रचलेली, आणि ती त्या शेडबाहेर कुणी ऐकलेली नव्हती. काकांची लकब त्यांना पाठ असणारच, ते मान्य. राहिला तो लांबवलेला सूर. मशीन चालूच राहिल्यामुळे काकूंचं गुणगुणणं रेकॉर्ड झालंय. मी ते पेटीवर ताडून बघितलं. काळी पाच पट्टीतला कोमल रे, आमचाच, तंतोतंत. बारा सुरांतला एखादा चुकून जुळू शकतो, असं मी शाळेतल्या गणिताच्या सरांसारखं स्वतःला बजावते. पण तो जुळला त्या क्षणी! आणि मानवतहून झरी म्हणजे एसटीने परभणी गाठून पुढे पुन्हा एसटी.

सर्वांत चमत्कारिक वाटतं ते वेगळंच. हात वर झाल्यापासून फोन वाजेपर्यंतची ती शांतता मी हेडफोन लावून किती वेळा ऐकली असेल. होला आहे, पत्रा आहे, माझा श्वास आहे. सा नाही. पाच माईक लावून बसलेल्या आम्हाला काहीच मिळालं नाही, आणि सुपात गहू घेऊन बसलेल्या बाईला मिळालं.

बाबांना विचारलं तर म्हणतात, "मला न्हाई ठाऊक. न्हाई ठाऊक म्हनायला लाजायचं कशाला?" भुतांवर त्यांचा आजही विश्वास नाही. रोज सकाळी तासभर वाजवतात, शेजारी तक्रार करतात, आम्ही सगळे मजेत आहोत. इरफानला पोस्टरवर 'सत्य घटना' छापायचं होतं, त्याला बाबांनी असं झापलं की पुन्हा नाव काढलं नाही. माझ्याकडेही स्पष्टीकरण नाही. असतं तर या सदरात आले नसते.

सिनेमा तयार झाल्यावर इरफानने रविवारी दुपारी परभणीत सगळ्यांना दाखवला. गयाकाकूंना आम्ही मुद्दाम गाडी करून आणलं. बारवेचा प्रसंग आला. बाई पायऱ्या उतरू लागली, खालचा सूर लागला, आणि हॉलमधल्या खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. धून कोमल रे वर आली आणि तुटली. पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या गड्याने बायकोचा दंड घट्ट धरला. माझं काम फत्ते झालं होतं. शेजारी बघते तर काकू अगदी निवांत, पदराने चष्मा पुसत बसलेल्या. मी कानाशी लागून विचारलं, "काकू, भीती नाही वाटली?"

"भ्या कशाचं, माय?" काकू म्हणाल्या. "म्होरचं मी ऐकलंय की."